लुकासचं भाषांतर

पूर्व जर्मनीचा विषय निघाला की काशिनाथ सबनीसांना माणसं सोडत नसत. ऑकलंडमधला गणपती असो, कोजागिरी असो, कुणाच्या वडिलांची पंचाहत्तरी असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणायचंच, "काका, ते रांगेचं सांगा ना." आणि काका सांगायचे. सत्त्याहत्तर साली ते ड्रेस्डेनला मेकॅनिकल शिकायला गेले होते, सरकारी शिष्यवृत्तीवर. तिकडे म्हणे रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, कशाची आहे. एकदा दीड तास उभं राहून त्यांच्या पदरात काय पडलं, तर तान्ह्या बाळाची दोन टोपडी. लग्नाला अजून सहा वर्षं होती! माणसं पोट धरून हसायची.

"आणि काका, हेर असायचे म्हणे?"

"असायचे की. पण आमच्या खोलीला कान लावून ऐकणार काय? आमटीला हिंग नाही, हीच रोजची बोंब."

पुन्हा हशा. काशिनाथही हसायचे. चाळीस वर्षं हसत होते. एकच थाप माणूस चाळीस वर्षं मारत राहिला की तिची आठवण होते, आणि आठवणीला कुणी पुरावा मागत नाही.

खरं असं होतं की त्या खोलीत हेर होता, आणि तो काशिनाथच होता.

त्यांना कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर लोक दया करायला टपलेलेच असतात. दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी चार वाजता, एका दंतवैद्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर, राखी स्वेटर घातलेला एक माणूस त्यांना कॉफी द्यायचा आणि विचारायचा, "काय म्हणतात मित्र?" मिरजेच्या घरात सहा भावंडांतले चौथे असलेल्या काशिनाथचं बोलणं तोवर कुणी धड ऐकलं नव्हतं. हा माणूस लिहून घ्यायचा. मध्येच थांबवून म्हणायचा, "हे जरा पुन्हा सांगा." बदल्यात हॉस्टेलमधली खालच्या मजल्यावरची उबदार खोली मिळाली, राहण्याची मुदत विनातक्रार वाढली. पण ते सगळं नंतरचं. चटक लागली ती ऐकून घेणाऱ्या माणसाची.

मग तो देशच संपला. दोन हजार अकरा साली मुलानं हौसेनं त्यांना पुन्हा ड्रेस्डेन दाखवलं. तिथं एका संग्रहालयात जुनी मोटार ठेवली होती, आत बसून फोटो काढायचा. प्लास्टिकचे अंडी ठेवायचे कप, बाहुल्या, लोणच्याच्या बरण्या. म्हातारी माणसं "आमच्याकडे हाच होता!" म्हणून हरखत होती. काशिनाथनी हॉस्टेलमधल्या जुन्या जर्मन सोबत्याला भीत भीत विचारलं, आपल्यात कुणी खबऱ्या होता का रे? तो म्हणाला, छे, आपला मजला चांगला होता. काशिनाथना इतकं हलकं वाटलं की त्यांनी बिअरचा दुसरा ग्लास मागवला. एवढे हजारो खबरे होते म्हणतात, आणि भेटत एकही नाही. सगळा देश जर फक्त सोसणाऱ्यांचाच होता, तर छळ केला कुणी? हवामानानं?

दोन हजार सतराच्या जुलैत विवेकचा फोन आला. विवेक म्हणजे त्याच खोलीतला, काशिनाथचा सगळ्यात जवळचा मित्र. बायको सुनीता गेल्यापासून तो वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआला मुलीकडे, ऋचाकडे, येऊन-जाऊन असायचा.

"काश्या, शनिवारी येतोय मी तुझ्याकडे. फाइल आलीय माझी."

"कसली फाइल?"

"तिकडची. गुप्त पोलिसांची. आता मागितली की देतात म्हणे. सुनीता होती तोवर मागवली नाही, तिला कशाला त्रास. तीन वर्षं लागली यायला. सगळी जर्मनमध्ये आहे बाबा, आणि मला 'बटाटा' आणि 'कृपया' सोडून काही आठवत नाही. तू वाचून दाखव."

काशिनाथ "ये की" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शनिवारी सकाळी काशिनाथच्या ऑकलंडमधल्या माउंट वेलिंग्टनच्या घरात नेहमीची धांदल होती. नात सिद्धी "आजोबा, व्हेअर आर माय टॉग्ज?" म्हणत पोहायचे कपडे शोधत घरभर हिंडत होती. मुलगा यशोधन आणि सून संपदा तिला घेऊन तरणतलावावर गेले. काशिनाथच्या बायकोनं, मालतीबाईंनी, थालीपीठ टाकलं. आणि जेवणाच्या टेबलावर विवेकनं जाडजूड पाकीट उपडं केलं. झेरॉक्सचे कागद, पुसट टाइप केलेले, जागोजाग काळे पट्टे मारलेले.

"हा लुकास कोण आहे बघ," विवेक म्हणाला. "पानापानावर आहे. ऋचानं मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं, तर मशीन सांगतं, 'लुकास बटाट्याच्या सासूबद्दल कळवतो.' काहीतरीच!"

दोघं हसले. काशिनाथनी चष्मा पुसला, एकदा, दोनदा. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: सूत्र लुकास, भारतीय विद्यार्थी, शाखा यांत्रिकी.

"सूत्र लुकास," त्यांनी वाचलं. "भारतीय विद्यार्थी. शाखा..."

मालतीबाई थालीपीठ उलटत होत्या. तव्यावर तेल चुरचुरलं.

"शाखा स्थापत्य," काशिनाथ म्हणाले.

ठरवून नव्हतं. पायाखाली फरशी हलली की हात जे सापडेल ते धरतो, तसा तो शब्द हाताला लागला. विवेकनं फक्त खुर्ची थोडी पुढं ओढली.

पुढं वाचणं भाग होतं. जुलै अठ्ठ्याहत्तरचा अहवाल. विवेकच्या आईनं पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर मेतकुटाचा डबा पाठवला होता, आणि मेतकुटात पुरून मंगळसूत्र. बिर्गिटसाठी. बिर्गिट ग्रंथालयात काम करायची. तिच्याशी विवेकला लग्न करायचं होतं आणि सरकारची परवानगी काही मिळत नव्हती. डबा उघडला तेव्हा खोलीतले तिघंही नाचले होते. दुसऱ्या गुरुवारी काशिनाथनी राखी स्वेटरला सहज सांगितलं, गंमत म्हणून. त्यानं विचारलं, काळ्या मण्यांची माळ? त्यात काय विशेष? आणि काशिनाथना स्फुरण चढलं. परक्या माणसानं आपल्या चालीरीतींबद्दल विचारलं की आपल्यातल्या कुठल्या माणसाला ते चढत नाही? अर्धा तास त्यांनी समजावून सांगितलं, मणी काळेच का, वाट्या दोन का. हा दागिना नव्हे साहेब. हे कुणी भेट म्हणून देत नाही. आईनं पाठवलं याचा अर्थ तिनं सून मान्य केली. आता हा मुलगा मागं फिरणार नाही.

अधिकाऱ्यानं ते अभिमानाचं व्याख्यान तीन ओळींत बसवलं होतं: *सूत्राच्या मते विवाहाचा निर्णय अंतिम. परवानगीची वाट पाहिली जाणार नाही. देश सोडण्याचा प्रयत्न संभवतो.*

महिन्याभरात दोघं सुट्टीला म्हणून हंगेरीकडे निघाले. सरहद्दीच्या स्टेशनवर बिर्गिटला गाडीतून उतरवलं. तिला बावीस महिने तुरुंग. विवेकला दोन दिवसांत विमानात बसवून परत पाठवलं. हे सगळं काशिनाथनी सपाट आवाजात वाचलं. भाषांतर चोख होतं. खोटा शब्द आख्ख्या वाचनात एकच.

"आता हे शेवटचं," विवेकनं हातानं लिहिलेल्या एका पत्राची प्रत पुढं सरकवली. "हे अक्षर तिचं आहे. तेवढं ओळखलं मी."

जून ऐंशी. पत्र पुण्याच्या पत्त्यावर होतं, पण देशाबाहेर कधी गेलंच नव्हतं. विवेकनं तिला पाठवलेली सोळा पत्रंही त्याच फाइलमध्ये होती, न पोचलेली.

"वाच ना."

"प्रिय विवेक," काशिनाथ वाचू लागले. "सुटून आठ दिवस झाले. दात दुखतात, बाकी ठीक आहे. आत त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझ्या माणसानंच सगळं सांगितलंय. मी मानलं नाही. मग ते म्हणाले, आम्हाला त्या काळ्या माळेचा अर्थही माहीत आहे, तुझ्यापेक्षा जास्त. आणि त्यांनी सांगितला. विवेक, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? मी बावीस महिने दुसरं नाव शोधलं. सापडलं नाही. तू नसशील तर लिही. नुसतं 'मी नाही' एवढं लिही. नाहीतर..."

पुढं काळा पट्टा होता.

विवेक रडला नाही. पासष्टीचा माणूस, छातीवर बायपासचा व्रण, त्यानं टेबलावरचा मिठाचा डबा उचलला, झाकण काढलं, परत लावलं.

"ती मेली रे शहाण्णव साली," तो म्हणाला. "तिच्या बहिणीनं कळवलं होतं. म्हणजे मरेपर्यंत तिला वाटत होतं की मीच."

मालतीबाईंनी गॅस बंद केला.

"काश्या, डबा उघडला तेव्हा खोलीत तिघंच होतो आपण. मी, तू आणि बाळ्या."

"हो."

"तू असतास तर हे असं वाचून दाखवलं नसतंस."

काशिनाथनी कागदांच्या कडा जुळवल्या.

"आणि स्थापत्यला बाळ्याच होता."

"हो," काशिनाथ म्हणाले.

बाळ्या म्हणजे बाळासाहेब चार वर्षांपूर्वी पुण्यात वारला होता. मेलेला माणूस फार सोयीचा. तो उलटून विचारत नाही.

सोमवारी विवेकनं ते ग्रुपवर टाकलं. ड्रेस्डेनला शिकलेल्या जुन्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, उरलेली अकरा डोकी. त्यात बाळासाहेबांचा नंबर अजून त्यांच्याच नावानं होता, कारण त्यांचा फोन आता त्यांची बायको मंदा वापरायची. विवेकनं आरडाओरडा केला नव्हता. एवढंच लिहिलं होतं: *फाइल वाचून झाली. आपल्यातला माणूस बाळ्या होता. मी त्याला माफ केलंय. विषय संपला.*

विषय तिथून सुरू झाला. तासाभरात सगळ्यांच्या स्मरणशक्तीला पालवी फुटली. नाशिकच्या एकानं लिहिलं, मला तेव्हाच शंका होती. टोरांटोच्या दुसऱ्याला आठवलं की बाळ्या गुरुवारी दुपारी गायब असायचा. तिसऱ्यानं विचारलं, खालची उबदार खोली त्यालाच मिळाली होती ना? त्यावर पाच अंगठे वर झाले. खोली काशिनाथची होती. त्या खोलीत बसून या पाचही जणांनी पाय शेकले होते. एकालाही आठवलं नाही. किंवा आठवलं, आणि गप्प बसणं सोपं गेलं. इतिहास असाच लिहितात. आधी नाव ठरतं, मग आठवणी येतात रांगेनं.

बुधवारी दुपारी मंदाचा फोन आला. पुण्यात सकाळचे नऊ वाजले असतील.

"काशिनाथ भावजी, तुम्ही सांगा. तुम्ही वाचलीत ना ती कागदं?"

"वाचली वहिनी."

"त्यात यांचं नाव आहे?"

"नाव नसतं. टोपणनाव असतं."

"मग हेच कशावरून? भावजी, या माणसाला खोटं बोलता यायचं नाही हो. मटारची उसळ आवडली नाही तर ताटातच कळायचं. असा माणूस हेर?" ती थांबली. "ऑगस्टात यांच्या वाढदिवसाला दरवर्षी सगळे जमतात आमच्याकडे. हे गेल्यावरसुद्धा जमत होते. काल तिघांचे फोन आले, काम निघालंय म्हणून. मुलगा विचारतोय, बाबांनी खरंच असं केलं का. मी काय सांगू त्याला?"

"बघतो वहिनी," काशिनाथ म्हणाले. एवढंच जमलं.

फोन ठेवला तेव्हा मालतीबाई दारात उभ्या होत्या.

"तुम्ही होतात," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. "शाखा म्हणताना थांबलात तेव्हाच कळलं मला. नवरा कधी थांबतो ते बायकोला कळतं."

"मी विवेकला सांगून येतो."

"आणि मग? इथं लोकांत तोंड कसं दाखवायचं आपण? यशोधननं? ते तर दोघंही गेले, ती बाई आणि बाळासाहेब. आता सांगून कुणाचं काय भलं होणार आहे?"

"मंदावहिनी जिवंत आहेत."

मालतीबाई तडकल्या. "हे शनिवारी आठवलं नाही?"

शुक्रवारी काशिनाथ विमानानं वेलिंग्टनला आणि तिथून लोकलनं पोरिरुआला गेले. ऋचा कामावर गेली होती. खाडीवरून वारा असा येत होता की उभं राहावेना, तरी विवेक त्यांना घ्यायला स्टेशनवर आला होता, कानटोपी घालून.

"वेडा आहेस का? या थंडीत? फोन करायचा."

"फोनवर सांगण्यासारखं नाही," काशिनाथ म्हणाले, आणि घरात शिरून बूट काढायच्या आधीच म्हणाले, "विव्या, लुकास मी आहे. बाळ्या नाही. तिथं यांत्रिकी लिहिलंय. मी स्थापत्य वाचलं."

विवेकनं कानटोपी काढली. शांतपणे घडी केली.

"मंदावहिनींनी फोन केला होता ना तुला?"

"हो, पण..."

"मला माहीत होतं. तू पहिल्यापासून असाच. बाळ्या ड्रॉइंगमध्ये नापास झाला तेव्हा त्याची शीटं तूच काढून दिलीस. मेल्यावरसुद्धा त्याचं निस्तरतोयस."

"अरे, मी खरं सांगतोय! राखी स्वेटर होता त्याचा. दंतवैद्याच्या घरी, वरच्या मजल्यावर. गुरुवारी चार वाजता. मीच त्याला सांगितलं, मणी काळेच का, वाट्या दोन का..."

"हे सगळं फाइलमध्ये होतं. तूच वाचून दाखवलंस."

"स्वेटर कुठं होता फाइलमध्ये?"

विवेक क्षणभर थबकला. खरोखर थबकला, ते काशिनाथनी पाहिलं. मग तो स्वयंपाकघराकडे वळला. "चहा टाकतो."

"कागद आण. पहिलं पान काढ. शब्द दाखवतो मी तुला."

"कागद नाहीत. मंगळवारी फायरप्लेसमध्ये टाकले सगळे. तिचं पत्र ठेवलंय फक्त."

"मग नव्यानं मागव. लुकासचं खरं नाव कळवतात ते, वेगळा अर्ज असतो. माझ्या सहीनं चालत नाही. तुझीच लागते. मी अर्ज भरतो, तू फक्त सही कर."

विवेकनं पातेल्यात पाणी ओतलं. पाणी ओट्यावर सांडत होतं. पाठमोराच बोलला.

"समज, केली सही. समज, आलं नाव. मग? मग मी ऑकलंडला कुणाकडे उतरायचं? सुनीता गेली. ऋचा तिच्या व्यापात. सगळ्या जगात मला 'विव्या' म्हणणारा एक माणूस उरलाय. त्याचं नाव मी मागवू? स्वतःच्या सहीनं?" त्यानं बोट रोखलं, पण काशिनाथकडे बघितलं नाही. "माझ्याकडे एक नाव आहे. ते पुरतं मला. साखर किती?"

"तुला कळलंय," काशिनाथ म्हणाले.

"साखर किती, विचारतोय."

काशिनाथ चहा न पिता निघाले. विवेक दारापर्यंतही आला नाही. स्टेशनच्या बाकावर बसूनच त्यांनी मंदाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, स्वेटरपासून साखरेपर्यंत. पलीकडं मिक्सरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"किती वर्षं जेवलात तुम्ही माझ्या घरी?" ती म्हणाली. तिचा 'भावजी' गेला होता. "यांच्या तेराव्याला भाषण तुम्ही केलंत. माणूस सोन्यासारखा होता, म्हणालात."

"होता."

"मग लिहा. आत्ता. सगळ्यांसमोर. मी बघतेय."

बोटं गारठली होती. एकेक अक्षर दाबत त्यांनी लिहिलं: *लुकास मी आहे. मी काशिनाथ सबनीस. बाळासाहेबांचा काही संबंध नाही. विवेकला वाचून दाखवताना मी खोटं सांगितलं. उबदार खोलीही माझीच होती.* पाठवलं. त्यांना वाटलं, आता शिव्या येतील. ते शिव्यांची वाट बघत होते, तापलेला माणूस पावसाची बघतो तशी.

पहिलं उत्तर नाशिकहून आलं. जोडलेले हात. मग टोरांटोहून: *काशा, याला म्हणतात मैत्री. मेलेल्या मित्राचा डाग स्वतःवर घेणारा तूच.* मग आणखी हात. कुणीतरी लिहिलं, *डोळ्यांत पाणी आलं.* कुणी लिहिलं, *आजच्या पिढीला हे कळणार नाही.* एकानं तर बोलूनच पाठवलं. विवेकनं वाचलं होतं, तशी निळी खूण दिसत होती. त्यानं काही लिहिलं नाही.

*अरे मी खरंच सांगतोय,* काशिनाथनी लिहिलं. *मीच.*

*माहीत आहे रे बाबा, तू तसाच आहेस,* उत्तर आलं, आणि खाली चार फुलं.

गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गेली. काशिनाथ चढले नाहीत. फोनच्या पडद्यावर बारीक राखाडी अक्षरांत एक ओळ उमटली: *बाळासाहेब यांनी ग्रुप सोडला.*

त्यांनी लगेच मंदाला फोन लावला. वाजला, वाजला, कट झाला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी तो वाजलाही नाही.

मग ग्रुपवर नाशिककरानं लिहिलं, *बघा. मनात काही नसतं तर वहिनी अशा निघून गेल्या असत्या का?* त्यावर सहा अंगठे आले. काशिनाथ पुन्हा लिहायला बसले, मीच होतो, मीच होतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी लगेच हात जोडत होतं.